कीर्तिशक्तीची कोलांटउडी

दिवाळी अंकातला टीकालेख म्हटला की वाचकांच्या मनात एखादा कवितासंग्रह नाही तर कादंबरी येते. मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे त्याने ह्यांपैकी काहीही लिहिलेले नाही. तो थायलंडचा एक फुटबॉल खेळाडू आहे. आयुष्याच्या पूर्वार्धात त्याने गोल केले आणि उत्तरार्धात मैदानाच्या कडेला उभे राहून ते दुसऱ्यांकडून करवून घेतले. अशा माणसाच्या कर्तृत्वाचे परीक्षण वाङ्मयीन मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. नटाची भूमिका पडदा पडताच संपते, गवयाची तान हवेत विरून जाते, आणि तरीही त्यांच्या गुणदोषांची चर्चा आपण वर्षानुवर्षे करीत असतोच. मग ज्याचे काम नव्वद मिनिटांत उरकते त्यानेच काय घोडे मारले आहे?

त्याचे नाव कियात्तिसाक सेनामुआंग. हे नाव वाचताना जीभ अडखळली तर वाचकांनी बिचकून जाऊ नये. कारण त्यातला बराचसा भाग आपल्याच घरचा आहे. थाई भाषेने संस्कृत आणि पाली शब्द उदंड घेतले, परंतु ते आपल्या गळ्याला मानवतील असे वळवून घेतले. ‘कियात्ति’ म्हणजे आपली कीर्ती, ‘साक’ म्हणजे शक्ती. आडनावातली सेना तर जशीच्या तशी आहे. ‘मुआंग’ हा तेवढा त्यांचा स्वतःचा, नगर ह्या अर्थाचा शब्द. ज्या उदोन थानीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी तो जन्मला, त्या गावाच्या नावातही ‘उत्तर’ आहे आणि राजधानीतली ‘धानी’ आहे. बँकॉकच्या ज्या मोठ्या मैदानावर त्याने नाव काढले त्याला राजमंगल म्हणतात. आपल्याकडे जन्मता तर हा गृहस्थ कीर्तिशक्ती सेनानगरकर झाला असता! थाई लोकांत मात्र प्रत्येकाला एक आटोपशीर टोपणनाव असते, आणि ह्याला सारा देश ओळखतो तो ‘झिको’ ह्या नावाने. ब्राझीलच्या थोर झिकोचे हे नाव एका थाई पोराला चिकटले आणि जन्मभर चिकटूनच राहिले. मीही पुढे त्याला झिकोच म्हणणार आहे.

झिकोविषयी सर्रास दिला जाणारा निकाल असा आहे: खेळाडू म्हणून लाडका, प्रशिक्षक म्हणून शेजारपाजारापुरता. मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम ह्यांना तो हरवी; परंतु जपान आणि सौदी अरेबिया ह्यांच्यापुढे उभे राहताच त्याच्या संघाचे पाय लटपटत. वासरांत लंगडी गाय शहाणी, इतकाच त्याचा अर्थ. आकडे मांडून पाहिले तर ह्या निकालात खोटे काही नाही. तरीही तो मला अपुरा वाटतो. कलावंताचे मोजमाप त्याच्या पराभवांच्या बेरजेने करावयाचे, की पराभव समोर दिसत असताना त्याने काय टाकले आणि काय टाकले नाही ह्यावरून करावयाचे, हा प्रश्न ह्या निकालात विचारलाच जात नाही.

गोल झाला की झिको मैदानावर कोलांटउडी मारीत असे. ती त्याची खूणच होऊन बसली होती. गोल होताच लोक चेंडूकडे पाहावयाचे सोडून त्याच्याकडे पाहत. आपल्याकडे हा शब्द अलीकडे पुढाऱ्यांच्या वाट्याला गेला आहे. काल एक बोलून आज त्याच्या उलट बोलणाऱ्याने कोलांटउडी मारली असे आपण म्हणतो. ह्या दुसऱ्या प्रकारची कोलांटउडी झिकोने मारावी म्हणून पुढे त्याच्यावर पुष्कळ दडपण आले. त्याने ती मारली नाही.

आधी खेळाडू झिको. १९९० नंतरच्या वर्षांत तो राष्ट्रीय संघात आला आणि २००७ साली त्याने निरोप घेतला. एवढ्या काळात देशाकडून तो १३० हून अधिक सामने खेळला आणि ७० च्या आसपास गोल त्याच्या नावावर लागले. त्याच्या आधीच्या पिढीत पियापोंग नावाचा हवाई दलातला एक आघाडीचा खेळाडू होऊन गेला. त्याने दक्षिण कोरियात जाऊन १९८५ साली तेथील व्यावसायिक स्पर्धेत सर्वांत जास्त गोल केले होते. थाई प्रेक्षकांना तेव्हा गोल करणाऱ्यांची ओळख नव्हती असे नाही. परंतु ज्याच्यासाठी घरातल्या बायाबापड्यांनीही खेळ पाहावा असा खेळाडू मात्र झिकोच.

त्याचा खेळ मी चित्रफितींतून पाहिला आहे. शरीराने तो धिप्पाड नव्हे. दोन दांडग्या बचावपटूंना खांदा मारून मोकळा होणारा हा गडी नव्हता. त्याचे बळ आगाऊ कळण्यात होते. चेंडू कोठे पडणार हे इतरांना कळण्यापूर्वी त्याला कळे, आणि बचावपटूची मान ज्या क्षणी दुसरीकडे वळे नेमक्या त्या क्षणी हा त्याच्या पाठीमागून पुढे सरके. १९९६ साली सिंगापुरात आग्नेय आशियातील देशांची ‘टायगर कप’ ही स्पर्धा प्रथमच भरली. तिच्या अंतिम सामन्यात मलेशियाविरुद्ध एकच गोल झाला, आणि तो झिकोचा होता. ह्या स्पर्धेचे नाव पुढे पुरस्कर्त्यांप्रमाणे बदलत गेले. थाई लोक मात्र ती आपल्याच मालकीची समजतात, आणि त्या समजुतीचा पाया त्या गोलाने घातला.

परंतु त्याची खरी दंतकथा जन्मली ती १४ डिसेंबर १९९८ रोजी. बँकॉकला आशियाई क्रीडासामने चालू होते. राजमंगल मैदान त्यासाठीच नवे बांधलेले. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली दक्षिण कोरियाशी. कोरिया म्हणजे त्याच वर्षी विश्वचषक खेळून आलेला देश, आणि थायलंड म्हणजे यजमान म्हणून कौतुक करून घेणारा. दुसऱ्या अर्ध्यात उशिरा झिकोने गोल केला. मैदान डोक्यावर घेतले गेले. थोड्याच मिनिटांत कोरियाने बरोबरी साधली. त्यातच थायलंडच्या दोघांना पंचांनी बाहेर काढले. अकरांविरुद्ध नऊ उरले. त्या काळी जादा वेळेत पहिला गोल करील तो तेथेच जिंकला असा नियम होता. त्याला सुवर्ण गोल म्हणत. नऊ जणांच्या संघातल्या थावात्चाई नावाच्या खेळाडूने लांबून फ्री किक मारली आणि चेंडू जाळ्यात गेला. पुढे कुवेतने आणि चीनने थायलंडला हरविले, पदक काही मिळाले नाही, चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पण आजही कोणत्याही थाई रसिकाला विचारा, त्याला ते दोन पराभव आठवणार नाहीत. नऊ जण आठवतील.

ह्या यशाच्या लाटेवर १९९९ साली झिको इंग्लंडला गेला. हडर्सफील्ड टाउन नावाचा यॉर्कशायरमधला जुना क्लब, दुसऱ्या श्रेणीत खेळणारा. व्यवस्थापक स्टीव्ह ब्रूस. सबंध मुक्कामात पहिल्या संघाकडून त्याला एकही सामना खेळावयास मिळाला नाही. एकही नाही! त्याच्या चरित्रकारांना हे प्रकरण गैरसोयीचे वाटते आणि ते घाईघाईने पुढे सरकतात. मला ते महत्त्वाचे वाटते. ज्याच्या एका उडीसाठी साठ-सत्तर हजार माणसे उभी राहत, तो यॉर्कशायरच्या थंडीत राखीव खेळाडूंबरोबर सराव करीत बसला. संघनिवड कशी होते, ज्याचे नाव फळ्यावर येत नाही त्याला काय वाटते, हे चांगल्या प्रशिक्षकाला ठाऊक असावे लागते; पण गुणी खेळाडूला ते शिकण्याची वेळ सहसा येत नाही. झिकोवर ती आली. तेथून तो कडवट होऊन परतला असता तर नवल नव्हते. पुढची वाटचाल पाहता कडवटपणाचा मागमूस दिसत नाही.

२००० साली त्याच टायगर कपमध्ये तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. गंमत अशी की अंतिम सामन्यात इंडोनेशियाविरुद्ध चारपैकी तीन गोल वोरावुत नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने केले होते. गोल दुसऱ्याचे आणि मान ह्याचा. आणि कोणी कुरकूर केली नाही. मला वाटते, प्रशिक्षक झिकोचा जन्म कागदोपत्री केव्हाही झालेला असो, त्याचे डोहाळे येथे लागले.

त्यानंतर तो जेथे गेला ते ठिकाण इंग्लंडच्या मानाने अगदीच आडवळणाचे. व्हिएतनामच्या मध्यभागातल्या पठारावर प्लेकू नावाचे शहर आहे. भोवती कॉफीचे आणि रबराचे मळे. तेथल्या दोआन गुएन दुक ह्या लाकूडसामानाच्या व्यापाऱ्याने होआंग आन्ह जिया लाय हा क्लब हाती घेतला होता. क्लब खालच्या श्रेणीत, आणि मालकाची हौस अशी की आग्नेय आशियातला सर्वांत नामांकित खेळाडू आपल्या गावात आणावयाचा. झिको आला. थायलंड आणि व्हिएतनाम ह्यांची फुटबॉलमधली चुरस म्हणजे भाऊबंदकीच. तरी प्लेकूच्या लोकांनी ह्या परक्याला डोक्यावर घेतले. क्लब वरच्या श्रेणीत चढला तो २००३ साली, आणि चढला त्याच वर्षी विजेता झाला. २००४ साली पुन्हा झाला. त्याच्यामागून आणखी थाई खेळाडू तेथे गेले. २००६ साली खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही पगड्या त्याने एकाच डोक्यावर घातल्या.

मधल्या काही वर्षांत बँकॉकच्या विद्यापीठाचे नाव लावणारा एक क्लब, चोनबुरी, पुन्हा प्लेकू, मग बँकॉकचाच आणखी एक लहान क्लब अशी त्याची भ्रमंती चालली होती. ह्या काळाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. उमेदवारीचा काळ सर्वांचा सारखाच असतो.

इकडे राष्ट्रीय संघाची दशा काय होती? टायगर कप २००२ नंतर घरी आलेला नव्हता. २००७, २००८ आणि २०१२ साली थायलंडने अंतिम सामना गाठला आणि तिन्ही वेळा हार खाल्ली, दोनदा सिंगापूरकडून आणि एकदा व्हिएतनामकडून. आग्नेय आशियाई क्रीडासामन्यांत तेवीस वर्षांखालच्या संघाची अवस्था आणखी वाईट. २००९ आणि २०११ साली तो गटातच गारद झाला. परदेशी प्रशिक्षक येत होते आणि जात होते. अशा वेळी २०१३ साली तरुणांचा संघ झिकोच्या हाती देण्यात आला, आणि जूनमध्ये मोठ्या संघाची गादी रिकामी पडल्यामुळे एका मैत्रीच्या सामन्यासाठी तीही त्याच्याकडे आली. १५ जून २०१३ रोजी चीनमधल्या हफेई शहरी ह्या बदली प्रशिक्षकाच्या बहुतांशी कोवळ्या पोरांनी चीनला त्याच्याच घरी ५–१ असे झोडपले. चीनचा स्पॅनिश प्रशिक्षक कामाचो ह्याला त्यानंतर लवकरच नारळ मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस म्यानमारमध्ये तरुणांच्या संघाने इंडोनेशियाला हरवून सुवर्णपदक आणले. पुढल्या वर्षी इंचनच्या आशियाई सामन्यांत चौथा क्रमांक मिळवला. झिको खेळाडू असताना मिळाला होता तोच.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. गोल करण्यात ज्याची हयात गेली असा माणूस प्रशिक्षक झाला तर तो कसा संघ बांधील? साहजिकपणे, स्वतःसारख्या एका वाघाला पुढे ठेवून बाकीच्यांना त्याच्या शिकारीसाठी हाकारे घालावयास लावील. झिकोने नेमके ह्याच्या उलट केले. त्याचा २०१४ चा संघ पाहा. देशातला सर्वांत चांगला आघाडीचा खेळाडू तीरासिल दांगदा त्या वेळी स्पेनमध्ये आल्मेरिया क्लबात होता. झिकोच्या संघाचा जीव पुढच्या फळीत नव्हताच. तो मधल्या फळीत होता. चनातिप सोंगक्रासिन हा जेमतेम एकवीस वर्षांचा, शाळकरी मुलासारखा दिसणारा बुटका पोर; स्वित्झर्लंडमध्ये वाढलेला चॅरिल शापुई; सारत यूयेन. ही मुले चेंडू लांब भिरकावीत नसत. दहा हात, पंधरा हात अशा आखूड पासांनी तो एकमेकांकडे फिरवीत, प्रतिपक्षाला दमवीत, आणि दार किलकिले दिसले की तिघे एकदम आत घुसत. मंगळागौरीला मुली फेर धरून फिरताना पाहणाऱ्याला कोणी कोणाचा हात धरला हे कळत नाही. तसे काहीसे ते दृश्य होते. स्वतः एकट्याने गोल करणाऱ्या झिकोने एकट्यावर विसंबणारा संघ बांधला नाही, ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट मी समजतो. आपल्या गुणाची नक्कल शिष्यांकडून करवून घेण्याचा मोह भल्याभल्या गवयांना आवरत नाही. ह्याला तो आवरला.

२० डिसेंबर २०१४ ची रात्र. बुकित जलील, क्वालालंपूर. अंतिम फेरीचा पहिला सामना थायलंडने घरी २–० जिंकलेला. दुसऱ्यात मलेशियाने तीन गोल केले आणि एकूण हिशेबात पुढे गेला. भरलेले मैदान गर्जत होते; सामना संपावयास दहाएक मिनिटे उरली होती. अशा वेळी दुसरा कोणी प्रशिक्षक सगळ्यांना पुढे पाठवून चेंडू उंच मारावयास सांगता. ह्या मुलांनी तसे केले नाही. आपलेच आखूड पास चालू ठेवले. शापुईने एक गोल केला, काही मिनिटांनी चनातिपने दुसरा. सामना ३–२ असा हरूनही थायलंड ४–३ ने स्पर्धा जिंकला. बारा वर्षांचा उपास सुटला. खेळाडू म्हणून आणि पुन्हा प्रशिक्षक म्हणून हा करंडक उचलणारा झिको हा पहिलाच.

पुढल्या वर्षी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत व्हिएतनामशी गाठ पडली. १३ ऑक्टोबर २०१५ रोजी हनोईत, म्हणजे ज्या देशाने त्याला अन्न घातले त्या देशाच्या राजधानीत, झिकोच्या संघाने ३–० असा विजय मिळवला. इराकशी दोनदा २–२ अशी बरोबरी करून थायलंड गटात पहिला आला आणि आशियातल्या शेवटच्या बारा संघांत जाऊन बसला. ह्यापूर्वी २००१ साली थायलंड त्या पायरीपर्यंत गेला होता. तेव्हा पीटर विद हा इंग्रज प्रशिक्षक होता आणि झिको पुढच्या फळीत. त्या वेळी शेवटच्या फेरीत एकही सामना जिंकता आला नव्हता.

ह्या वेळीही आला नाही. पहिल्या सामन्यात सौदी अरेबियाने अगदी अखेरीस मिळालेल्या पेनल्टीवर १–० असे हरवले. जपानने दोन गोल केले, संयुक्त अमिरातीने तीन, इराकने चार, आणि इराकचे चारही गोल एकाच खेळाडूने केले. तो सामना ११ ऑक्टोबर २०१६ चा. दोनच दिवसांनी राजे भूमिबल वारले आणि सबंध देश काळ्या वस्त्रांत बुडाला. १५ नोव्हेंबरला राजमंगल मैदानावर ऑस्ट्रेलियाशी सामना झाला तो ह्या सुतकात. काळे कपडे घातलेला प्रेक्षक, ढोलताशे नाहीत, नेहमीचा जल्लोष नाही. त्या दबलेल्या रात्री तीरासिलने दोन गोल केले. ऑस्ट्रेलियाने दोन पेनल्ट्यांवर कशीबशी बरोबरी साधली. आशियाचा तेव्हाचा विजेता देश, आणि खुल्या खेळातून त्याला एकही गोल करता आला नाही! हा सामना मी आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला आहे. झिकोच्या साऱ्या कारकिर्दीतून एकच सामना निवडावयास सांगितले तर मी करंडकांना बाजूला सारून हा बरोबरीचा सामना निवडीन.

पुढल्या मार्चमध्ये सौदीने घरी ३–० आणि जपानने साइतामा येथे ४–० असे लोळविले. शेवटी शेवटी थायलंडला एक पेनल्टी मिळाली, तीही जपानी गोलरक्षकाने अडवली. सात सामन्यांत एक गुण. तीन गोल केले, एकोणीस खाल्ले. ३१ मार्च २०१७ रोजी झिकोने राजीनामा दिला. तीनच महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, त्याने आग्नेय आशियाचा करंडक दुसऱ्यांदा जिंकून दिला होता.

एकोणीस गोल हा आकडा झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्याचा दोष स्पष्ट आहे आणि तो आघाडीच्या खेळाडूचा दोष आहे. बचावातल्या भेगा हेरण्यात ज्याने उमेद घालवली त्याने आपल्या घराच्या भिंतींकडे त्याच डोळ्याने पाहावयास हवे होते. तसे झाले नाही. त्याचे दोन्ही बाजूंचे बचावपटू हल्ल्यात सामील व्हावयास पुढे धावत. चेंडू हिसकावला गेला की मागे मैदान ओसाड पडलेले. मलेशियाला त्या ओसाडीचा फायदा घेण्याइतका वेग नसे, जपानला होता. आणखी एक. मूठभर आवडत्या मुलांवर त्याचा लोभ फार. थकलेल्या चनातिपला बसवून दुसऱ्याला उतरवावे, हे त्याच्याने लवकर होत नसे. बापाचे प्रेम प्रशिक्षकाला परवडत नाही.

पण मग त्याने करावयास काय हवे होते? पुष्कळांचे म्हणणे असे की मोठ्यांशी खेळताना नऊ जणांना गोलासमोर उभे करून चेंडू बाहेर फेकीत राहावयाचे आणि ०–१ ने हरून अब्रू वाचवावयाची. हे शहाणपण मला चांगले परिचयाचे आहे. आपल्याकडेही मराठी कादंबरीला विलायती कादंबरीच्या गजाने मोजणारे आणि गज पुरा पडत नाही म्हणून लेखकाला ‘बेताने लिही’ असे सांगणारे विद्वान झालेच आहेत. बेताने लिहून कोणाची कादंबरी मोठी झाली? थायलंडसारख्या देशाला जपानविरुद्ध एक गुण मिळाला काय किंवा न मिळाला काय, विश्वचषक दूरच राहणार होता. त्या सात सामन्यांतून मिळण्यासारखी एकच मोलाची वस्तू होती: आपला खेळ मोठ्यांच्या मैदानात खेळून पाहिल्याचा अनुभव. ती त्याने मुलांना मिळवून दिली. २०१७ साली चनातिप जपानमध्ये सप्पोरोच्या क्लबात गेला आणि २०१८ साली तेथल्या लीगच्या सर्वोत्तम अकरांत निवडला गेला. तीराथोन बुनमातान, ज्याच्या पुढे धावण्याला मी आत्ताच नावे ठेवली, तो २०१९ साली योकोहामाच्या संघाबरोबर जपानचा विजेता ठरला. बाहेर चेंडू फेकणाऱ्या संघातून अशी मुले कोणी उचलली असती असे मला वाटत नाही.

फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी झिकोच्या जागी सर्बियाचा मिलोवान रायेवाच आणला. विश्वचषकात घानाला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलेला हा कसलेला माणूस. बचाव बांधण्यात हातखंडा. कलावंत गेला आणि गवंडी आला. भिंत खरोखरच उभी राहिली; पात्रता फेरीतल्या उरलेल्या तीन सामन्यांत थायलंडने पाचच गोल खाल्ले. परंतु त्यांपैकी एकही जिंकला नाही. २०१८ साली आग्नेय आशियाच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत मलेशियाने त्याला बाहेर काढले. आणि मग ६ जानेवारी २०१९ रोजी अबू धाबीत आशिया चषकाच्या सामन्यात समोर आला भारत. मध्यंतराला १–१. मध्यंतरानंतर सुनील छेत्री आणि त्याच्या सोबत्यांनी त्या भिंतीचा चुराडा केला, ४–१. आपल्याकडे त्या रात्री पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. १९६२ साली जकार्तात आपण सुवर्णपदक मिळवले तेव्हाही थायलंडला ४–१ असेच हरवले होते, ही आठवण त्या वेळी बऱ्याच जुन्या लोकांनी काढली. दुसऱ्या दिवशी रायेवाचला घरी पाठवण्यात आले. आपल्या आनंदात आपण पाहिले नाही, परंतु त्या संघात चनातिप होता, तीरासिल होता, तीराथोन होता. झिकोचीच माणसे. चेंडू पायाशी ठेवण्याची सवय मोडलेली, आणि नवी सवय अंगी न लागलेली. अशा संघाला हरवणे त्या दिवशी फारसे अवघड नव्हते, असे भारताच्या विजयाचा मान ठेवूनही म्हणावे लागते.

आणि झिको? बँकॉकच्या पोर्ट क्लबात थोडे दिवस काढून २०२० च्या अखेरीस तो पुन्हा प्लेकूला गेला. क्लबाने मधल्या काळात मुलांसाठी एक शाळा काढली होती, आणि तीत लहानपणापासून वाढलेला कोंग फुओंग आणि त्याच्या बरोबरीचे सवंगडी आता मोठे होऊन तेथे खेळत होते. गेली कित्येक वर्षे त्या क्लबाला काही जिंकता आले नव्हते. २०२१ च्या हंगामात झिकोने त्यांना तोच खेळ दिला: आखूड पास, गजबजलेली मधली फळी, पुढे धावणारे बचावपटू. ह्या वेळी मात्र मागची भिंतही बऱ्यापैकी पक्की होती, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. बारा फेऱ्यांनंतर प्लेकूचा संघ सर्वांच्या वर होता. तेवढ्यात महामारीची नवी लाट आली, सामने थांबले, आणि काही महिन्यांनी तो हंगामच रद्द झाल्याचे जाहीर झाले. करंडक कोणालाही देण्यात आला नाही. पुढची दोन वर्षे त्या उंचीची गेली नाहीत. त्यानंतर तो हनोईच्या पोलिसांच्या क्लबाकडे गेला आणि २०२४ साली तेथूनही बाहेर पडला. प्लेकूच्या त्या अर्धवट हंगामाचा तक्ता मी कापून ठेवला आहे. बारा सामने, आणि पुढच्या सर्व रकान्यांत काहीच नाही.